जीपची छोटी दांडी अडली तर जोर लावू नका

1988 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डांबरी रस्त्यापासून दीड मैल आत आमची वस्ती. आषाढातली रात्र, पाऊस धो धो कोसळत होता. शेजारच्या घरातली सून बाळंतपणासाठी अडली होती. सुईणीने हात टेकले आणि म्हणाली, "आता दवाखाना गाठा." वस्तीवर चाकांची गाडी एकच, ती म्हणजे आमची जुनी जीप.

पोरीला गोधडीत गुंडाळून मागे निजवले. तिची सासू उशाशी बसली. मी गाडी काढली. ओढ्याच्या उतारापर्यंत नीट आलो आणि तिथे मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली. म्हटले, काळजी नाही, फोर-व्हील टाकू. छोट्या दांडीला हात घातला, तर दांडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली, लाथ मारली, शेवटी पंपाचा पाइप तिच्यावर चढवून ओढली. दांडी वाकली, पण जागची सरकली नाही. मागे पोरीचे कण्हणे ऐकू येत होते. अखेर भावाने दोन बैलजोड्या आणल्या. त्यांनी गाडी ओढून डांबरीला लावली तेव्हा तांबडे फुटले होते. देवाची कृपा, बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप. पण तो अर्धा-पाऊण तास आठवला की आजही अंगावर काटा येतो.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी जुनी जीप अजून उभी आहे. कुणी ती दुधाच्या कॅनसाठी वापरतो, कुणी खताच्या गोण्यांसाठी, कुणी डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवर जाण्यासाठी. वर्षातले अकरा महिने ती छोटी दांडी कुणाला लागत नाही. बाराव्या महिन्यात लागते तेव्हा मात्र तिच्यावाचून चालत नाही. म्हणून ती अडते का, आणि घरच्या घरी मोकळी कशी करायची, हे आम्ही ज्या रीतीने शिकलो त्या रीतीने इथे सांगतो.

माटुंग्याचे आतोबा

पाऊस ओसरल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. कारागिराने वाकलेली दांडी सरळ केली, हातोड्याने ठोकून ठोकून फोर-व्हील लावून दाखवले, आणि मग ते निघेना! "पेटी खोलावी लागेल, आतला सगळा माल बदलावा लागेल," असे सांगून त्याने जो आकडा उच्चारला, तो कांद्याच्या एका हंगामाएवढा होता. आम्ही गाडी तशीच घरी आणली.

दिवाळीत आत्याकडे मुंबईला जायचे होते. आतोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती. आमच्या सौ. म्हणाल्या, "जीपच घेऊन जाऊ. आतोबांना तरी दाखवू." तांदूळ, भुईमुगाच्या शेंगा आणि मुले गाडीत भरली आणि माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे निघालो. वाटेत स्टिअरिंग दगडासारखे जड लागत होते आणि प्रत्येक वळणावर टायर किरकिरत होते.

माटुंग्याचे आणि यंत्रविद्येचे नाते जुने आहे. रेल्वेचे वर्कशॉप तिथे 1915 पासून आहे. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही 1887 साली भायखळ्याला निघालेली संस्था 1923 मध्ये माटुंग्याला आली. तिला आज आपण वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणतो. आतोबा त्या कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. त्यांची शाळा म्हणजे वर्कशॉपातला डबा आणि बोगी.

गाडी रेल्वे वसाहतीच्या आवारात शिरली तेव्हा आतोबा दारातच उभे होते. गाडी वळताना त्यांनी टायरचा आवाज ऐकला. रामराम व्हायच्या आधीच म्हणाले, "अरे, फोर-व्हील लावून आलास की काय डांबरावरून?"

मी म्हणालो, "लावले नाही आतोबा, निघतच नाही."

"उतरू नकोस. चाके सरळ कर. आता रिव्हर्स टाक आणि सावकाश सरळ मागे घे. दांडीवर नुसता हात ठेव, जोर करू नकोस."

मी पंधरा-वीस पावले गाडी मागे घेतली. मध्येच खट् असा आवाज झाला आणि ज्या दांडीने गॅरेजातला हातोडा पचवला होता, ती थोडी कुरकुर करून बाहेर आली. स्टिअरिंग लोण्यासारखे हलके झाले. आत्या हसून म्हणाली, "आता तरी घरात या!"

ही पेटी करते तरी काय?

जेवणे झाल्यावर आतोबांनी आम्हांला समजावून सांगितले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस आणि फोर्ड कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. त्याच घराण्याची गाडी आपल्याकडे महिंद्रांनी आणली. 1945 साली लुधियान्यात महिंद्र अँड महंमद या नावाने निघालेली कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि मुंबईत विलिसच्या जीप जोडू लागली. उंच बॉनेटची जी जुनी जीप आपण खेड्यापाड्यांत पाहतो, ती याच वंशातली.

या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीला एक लोखंडी पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. एंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेहमी मिळते. पुढच्या चाकांना ती द्यायची की नाही, हे ही पेटी ठरवते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढची चाके जोडणारी, दुसरी हाय-लो करणारी. लो लावले की गाडीची गती जवळजवळ अडीचपट कमी होते आणि ओढ तितकीच वाढते. कोणती दांडी कोणीकडे ढकलायची, त्याचा नकाशा गाडीच्या समोरच्या पत्र्यावर असतो. रंगाखाली झाकला गेला असेल तर घासून काढावा.

पेटीत दोन पोलादी सळया मागे-पुढे सरकतात. प्रत्येक सळईवर फोर्क असतो आणि तो गिअर सरकवतो. सळईला खाचा असतात. स्प्रिंगवर बसलेली पोलादी गोळी त्या खाचेत शिरते, म्हणून दांडी आपोआप निसटत नाही. दोन सळयांच्या मध्ये आणखी एक छोटी कांडी असते. पुढची चाके जोडल्याशिवाय ती लो लागू देत नाही. कारण लोची सगळी ओढ एकट्या मागच्या धुऱ्यावर आली तर तो मोडायचा. पुष्कळ जण फोर-व्हील न लावता लो ओढत बसतात आणि दांडी ताठ झाली म्हणून तक्रार करतात. तो दोष नव्हे, ती राखण आहे.

"दांडी अडली की तीन ठिकाणी पाहायचे," आतोबा म्हणाले. "आधी रस्त्यावर, मग खिळीत, शेवटी पोटात. तुम्ही लोक पहिल्यांदा पोटच फाडता."

पहिले ठिकाण: रस्त्यावरचा पीळ

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या फेऱ्याने जातात आणि मागची लहान फेऱ्याने. फोर-व्हील लावले की या जीपमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात, वाळूत, नांगरटीत चाक थोडे घसरते आणि फरक भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक जातो कुठे? शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत पीळ होऊन बसतो. चऱ्हाटाला पीळ भरला की गाठ सुटत नाही, तसे गिअरचे दात एकमेकांना घट्ट धरतात आणि दांडी निघत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. डिफरन्शियल लॉक लावून कुणी कडेला वळत नाही.

सरळ रस्त्यावरही पीळ भरतो, तो कमीजास्त झिजलेल्या टायरांमुळे. जीपचे टायर पाऊण मीटरच्या आतबाहेर व्यासाचे असते. पुढची जोडी मागच्यापेक्षा एक सेंटीमीटर व्यासाने लहान असेल, तर एका फेऱ्यात तीन सेंटीमीटरांवर फरक पडतो. एका किलोमीटरमध्ये पुढच्या चाकांना पाच-सहा फेरे जास्त फिरावे लागतात. आणि पेटी तर त्यांना मागच्याइतकेच फिरू देते! पुढे गुळगुळीत जुने टायर आणि मागे नवे करकरीत टायर, ही आपली नेहमीची काटकसर इथे महागात पडते. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले आणि बरोबर हवेचे असावेत.

पीळ काढायचा उपाय फुकट आहे. चाके सरळ ठेवून गाडी दहा-वीस पावले सावकाश मागे घ्यावी आणि दांडीवर हलका हात ठेवावा. तरी न सुटल्यास गाडी मऊ मातीत नेऊन थोडी मागे-पुढे करावी. तेही जमण्यासारखे नसेल तर सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून, पुढचे एक चाक जॅकने जमिनीवरून जरा उचलावे. पीळ सुटताना ते चाक झटक्याने फिरते, म्हणून हात-पाय आणि मुले दूर ठेवावीत.

दुसरे ठिकाण: दांडीची खीळ

आमच्या गाडीचे खरे दुखणे इथे होते. पीळ सुटून दांडी बाहेर आली खरी, पण एंजिन बंद असताना, सपाट जागीसुद्धा ती कुरकुरत होती. "उभ्या गाडीतही ताठ, म्हणजे खिळीत बघ," हे आतोबांचे सूत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या मोठ्या झाडाखाली गाडी लावली. आधी चारही चाकांना पुढून-मागून दगड लावले. हे विसरू नये. हाय-लोची दांडी मधल्या जागी, म्हणजे न्यूट्रलमध्ये असली की मोठा गिअर टाकलेला असूनही चाके मोकळी असतात आणि उतारावर गाडी घरंगळते. जुन्या जीपचा हँडब्रेकही चाकांवर नसून या पेटीच्या मागच्या शाफ्टवर असतो. पेटीचे ऑइल सील गळत असेल तर तेल त्याच ब्रेकवर उडते आणि तो धरत नाही. तेव्हा गाडीखाली जाताना हँडब्रेकवर विसंबू नये आणि नुसत्या जॅकवर तर मुळीच विसंबू नये.

मग आतोबांनी पायाखालचा पत्रा आणि रबरी टोपी काढली. टोपी फाटलेली होती. तिच्या फटीतून दोन-तीन पावसाळ्यांचा चिखल, भुसा आणि युरियाचे दाणे आत पडून दांड्यांच्या बुडाशी दगडासारखे घट्ट बसले होते. दोन्ही छोट्या दांड्या एकाच आडव्या खिळीवर झुलतात. ती खीळ गंजून दांड्यांच्या भोकांत चिकटली होती. खताची गोणी वाहणाऱ्या प्रत्येक गाडीने हे ध्यानात ठेवावे. खताच्या मिठाने लोखंड फार लवकर गंजते.

आतोबांनी केले ते असे. सगळी घाण आधी कोरडी खरवडून काढली, मग ब्रश आणि रॉकेलने धुतली. खिळीच्या दोन्ही टोकांना डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडले आणि दुपारपर्यंत भिजू दिले. दुपारी खीळ धरून ठेवणारा बोल्ट काढला आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून खीळ हलके हलके ठोकून बाहेर काढली. दांड्या मोकळ्या झाल्या.

आता खरी परीक्षा. पेटीच्या तोंडाशी सळयांची टोके दिसतात. ती पुसून, दांडीशिवाय, सळई मागे-पुढे सरकवून पाहायची. आमच्या सळया दणकट पण गुळगुळीत सरकल्या आणि प्रत्येक खाचेला टक् असा आवाज आला. आतोबा म्हणाले, "पोट निरोगी आहे. तुझा कांद्याचा हंगाम वाचला!"

मग खीळ बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केली. दांड्यांची भोके चिंधीवर पेपर गुंडाळून साफ केली. सळईच्या उघड्या भागावरचा गंज तेलात भिजवलेल्या चिंधीनेच काढला. तिथे कानस लावू नये. सळईवर ओरखडा उठला की सील फाटते आणि तेल गळू लागते. सगळीकडे ग्रीस चोपडून खीळ परत बसवली. खिळीला ग्रीस निपल असेल तर जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन मारावी. शेवटी टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून नवी टोपी केली. ते शिवणकाम आत्याने केले.

एक गोष्ट आणखी पाहावी. गिअरबॉक्सखालचे रबर दबले किंवा बॉडीची रबरे कुजली की पेटी आणि बॉडी एकमेकांशी तिरकी होतात आणि दांडी पत्र्याच्या कडेला घासते. दांडीवर चकाकणारा घासल्याचा डाग दिसला तर दोष पेटीत नसून रबरात आहे असे समजावे.

तिसरे ठिकाण: पेटीचे पोट

पोटात जायच्या आधी तेल पाहावे. गाडी सपाट उभी करून पेटीच्या बाजूचा बोल्ट काढावा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. बोटावर घेतलेले तेल दुधाळ, ताकासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. आतोबांना हे तेल ओळखीचे होते. पावसाळ्यात किंग्ज सर्कलला पाणी तुंबले की त्यात अडकलेल्या गाड्यांच्या पेट्यांतून असेच ताक निघते, असे ते सांगत. आपल्याकडे तेच ओढ्यात होते. तापलेली पेटी गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून, हवेच्या भोकातून पाणी आत ओढले जाते. असे तेल गाडी थोडी चालवून गरम झाल्यावर सोडावे आणि पुस्तकात सांगितलेल्याच जातीचे नवे तेल भरावे. गिअरबॉक्सचे तेलही त्याच वेळी तपासावे. जुन्या गाडीत या दोन पेट्यांमधून तेल एकमेकींत झिरपते. हवेचे भोक चिखलाने बुजले असेल तर तेही मोकळे करावे.

खालच्या बोल्टला चिकटलेला काळा, मऊ लोखंडी लेप ही झीज आहे, तिची चिंता नको. पण कपऱ्या किंवा दाताचा तुकडा निघाला, किंवा दांड्या काढूनही सळई सरकेना, तर मात्र फोर्क वाकला आहे, गोळी-स्प्रिंग अडकली आहे किंवा गिअरची कड चेपली आहे. तेथे घरची करामत थांबवावी आणि जीपचे काम जाणणाऱ्या कारागिराकडे जावे. फोर्क बहुधा वाकतो कशाने, हेही सांगतो. आम्ही त्या रात्री चढवला तसल्या पाइपाने.

दांडी वापरायची रीत

ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी शिकत बसायला वेळ नसतो. म्हणून ही रीत घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुली-सुनांनाही, शिकवून ठेवावी.

चिखलात रुतल्यावर नव्हे, चिखल समोर दिसताच फोर-व्हील लावावे. चाके सरळ, गती अगदी कमी, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. लो लावायचे तर गाडी उभी करून, क्लच दाबून, आणि फोर-व्हील लावल्यानंतरच. काढताना उलट क्रम: आधी लोवरून हायवर, मग पुढची चाके सोडायची. दात दातावर आला की दांडी शिरत नाही. अशा वेळी क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा किंवा गाडी वीतभर पुढे-मागे करावी. डांबरी लागताच फोर-व्हील काढावे.

आणि सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे महिन्यातून एकदा मऊ रानात गाडी नेऊन दोन्ही दांड्या पाच-सहा वेळा लावून-काढून घ्याव्यात. न वापरलेली दांडी गंजते आणि गंजलेली दांडी पुन्हा वापरली जात नाही, असा तो फेरा आहे. आमच्या सौ. दर अमावास्येला कालनिर्णयावर खूण करतात आणि खूण दिसली नाही तर सकाळच्या चहाबरोबर विचारणा होते.

पुढच्याच वर्षी

आज नव्या गाड्यांत एकच दांडी असते, काहींत नुसते बटण. पण जुन्या जीपच्या मालकाने ते पाहून खट्टू होऊ नये. आपल्या गाडीचे दुखणे डोळ्यांनी दिसते आणि हाताने निघते.

माटुंग्याहून परतताना आतोबांनी वाकवलेला तो पंपाचा पाइप गाडीतून काढून घेतला आणि त्याच्या जागी ग्रीस गन ठेवली. म्हणाले, "हा माझ्याकडे राहू दे. तुझ्या हाताला याची सवय नको." पुढच्या श्रावणात त्याच ओढ्यावर, तशाच पावसात, थंडीतापाने फणफणलेल्या शेजारच्या म्हाताऱ्याला घेऊन मी निघालो. उतारावर पोहोचण्याआधी गती कमी केली आणि दोन बोटांनी दांडी ओढली. खट् आवाज झाला. जीप ओढा चढून वर आली तेव्हा मागे बसलेल्या म्हाताऱ्याला ओढा कधी लागला हेही कळले नव्हते.

आतोबा आता नाहीत. दसऱ्याला आम्ही जीपला झेंडूचा हार घालतो, पण त्याआधी पायाखालचा पत्रा काढून खिळीला ग्रीस देतो. येत्या दसऱ्याला आपणही तेवढे करावे. अर्धा तास लागतो.